गटारीच्या तळ्यात मोरचूद

सत्तरच्या दशकात, दुष्काळ सरल्यावर, सांगलीकडच्या एका नगरपालिकेत मला ओव्हरसियरची नोकरी लागली. घरी मेढ्याला मी पाणी खात्यात लागलो म्हणून कळवलं. कुठलं पाणी, हे कुणी विचारलं नाही. गावाबाहेर एक तळं खोदलेलं होतं. साऱ्या गावाचं सांडपाणी तिथं यायचं, काही आठवडे उन्हात पडून राहायचं आणि बऱ्यापैकी सुधारून खालच्या शेतांना जायचं. त्या शेतांतला फ्लॉवर बाजारात सगळ्यात आधी संपायचा. मीही खायचो.

तळ्यावर राखणीला एक माजी सैनिक होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना फौजी म्हणत. चार वर्षं रोजंदारीवर होते. गटारीच्या तोंडाची लोखंडी जाळी ते रोज घासून लख्ख करत आणि काठाच्या दगडांना चुना लावत. मला हसू यायचं, पण त्यांच्या तोंडावर हसायची छाती नव्हती.

पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार, असं पत्र आलं. शेरा चांगला पडला तर फौजी कायम होणार होते. त्यांच्या थोरलीचं लग्न त्यावरच अडलं होतं. मुलाकडचे म्हणत होते, आधी कायम होऊ द्या. मी त्यांना सांगितलं, तळं बघण्यासारखं ठेवा. एवढं सांगून कचेरीत कागद रंगवत बसलो.

तळ्याचं पाणी हिरवंगार असे. ते डोळ्याला न दिसणारं बारीक शेवाळ. ते पाण्यात प्राणवायू सोडतं, त्यावर घाण संपवणारे जंतू जगतात. सगळं काम तेच करायचं, आम्ही दोघं नुसते हजेरी लावत होतो. हे मी पुस्तकात शिकलो होतो. राखणदाराला सांगून काय करायचंय, असं मला वाटलं.

फौजींना तो हिरवेपणा म्हणजे स्वतःची हयगय वाटे. मेव्हण्याच्या द्राक्षबागेतून त्यांनी फवारणीच्या मोरचुदाचं पोतं आणलं आणि तळ्याला फेरी मारत सगळं आत ओतलं. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग गेला. तिसऱ्या दिवशी पाणी काळं पडलं. चौथ्या दिवशी साहेब आले, तेव्हा वास एस. टी. स्टँडवर पोचला होता आणि तिथं लोक एकमेकांकडे संशयानं बघत होते.

साहेबांनी नाकावरचा रुमाल न काढता विचारलं, शेवाळ कुणी मारलं. फौजी टाचा जुळवून पुढं झाले. "म्या मारलं, सायेब. लय हिरवं झालं व्हतं."

साहेब माझ्याकडे वळले. शेवाळ कशासाठी असतं, हे यांना सांगितलं होतं का?

माझ्या नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं."

फौजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय सायेब, सांगितलं व्हतं. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. तळ्यावरच्या राखणीच्या खोलीची किल्ली द्यायला ते इस्त्रीचा सदरा घालून आले. आता चार शब्द सुनावतील म्हणून मी मान खाली घालून बसलो. किल्ली टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आता तरी सांगा सायेब, ते हिरवं काय करत व्हतं?"

मी सांगितलं. पाच मिनिटं लागली.