देवळावरचा फुगा

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना एका मोठ्या तलावाच्या काठी आमचं गाव लागतं. तिथल्या चौकात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, जे म्हणाल ते काढून देतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी आरटीईचे फॉर्म सुटले की दुकानापुढे चपलांचा खच पडायचा. गरीब आणि मागास घरांतल्या मुलांसाठी खासगी शाळेत काही जागा मोफत राखून ठेवलेल्या असतात, पहिलीसाठी. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग सोडत निघते. आमच्या गावाला तलावाच्या काठाशीच एक इंग्रजी शाळा आहे, टाय-बुटांची. सगळ्यांचा डोळा तिच्यावर.

त्या फॉर्ममध्ये एक नकाशा उघडतो. नकाशावर लाल फुगा असतो, तो ओढत नेऊन आपल्या घरावर ठेवायचा. फुगा ठेवला की घरापासून शाळा किती लांब ते यंत्रच ठरवतं. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांचा नंबर आधी, पुढच्यांचा नंतर. बस, एवढ्यावर माझी हुशारी चालायची. एकेका माणसाचं घर नकाशावर शोधत बसायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. मी सरळ सगळ्यांचे फुगे मारुतीच्या देवळावर ठेवायचो. देऊळ शाळेच्या जवळ, गाव देवळाच्या भोवती, कोणाचं काही बिघडत नव्हतं. उलट लोक म्हणायचे, याच्या हातानं भरलेला फॉर्म लागतो. मला ते ऐकायला आवडायचं.

त्या वर्षी तलावापलीकडच्या टोलीतली, तिकडच्या लहानशा वस्तीतली, एक बाई आली. नवरा लहान होडीतून, डोंग्यातून, तलावात मासे धरायचा, ती गुजरीच्या बाजारात बसून विकायची. सोबत सहा वर्षांची मुलगी, केसांना चप्प तेल लावून दोन वेण्या घातलेली. बाईनं पिशवीतून सगळे कागद काढून टेबलावर मांडले. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, काहीही विसरली नव्हती. मुलगी दुकानातल्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती आणि बरीचशी वाचतही होती. अंगणवाडीच्या बाईनं सांगितलंय, बाई म्हणाली, की हिला चांगल्या शाळेत टाका, वाया घालवू नका.

मी नकाशा उघडला. तिनं खुर्चीवरून पुढे वाकून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. निळा तलाव तिला चटकन ओळखू आला. मग तिनं तलावापलीकडे, काठाला लागून, बोट ठेवलं.

"इथं आहे जी आमचं घर."

मला हसू आलं. आम्ही बांधीवाले, म्हणजे शेतीवाले लोक, धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून चालण्यात जन्म गेलेला. टोलीला जायचं म्हणजे पाळीवरून, तलावाच्या मातीच्या बांधावरून, वळसा, मग शेतांमधून, मग नाला, असाच रस्ता माझ्या डोक्यात. सायकलनं गेलं तरी दम लागतो. मी तिला समजावलं की तिथं फुगा ठेवला तर घर लांब पडेल आणि पोरीचा नंबर मागं जाईल. ती म्हणाली, "डोंग्यानं तं सामनेच आहे, भाऊ. तिचा बाप पाच-दहा मिनिटात आणते."

मी म्हटलं, वहिनी, सरकार डोंग्यात बसत नाही. दुकानातली दोन-तीन माणसं हसली, तीही हसली आणि बोट मागे घेतलं. मी फुगा देवळावर ठेवला. तिच्या भल्यासाठीच ठेवला, हे मी आजही स्वतःला सांगतो. पण तिनं दाखवलेल्या जागी तो एकदा ठेवून तरी बघायचा होता. दहा सेकंदांचं काम होतं.

सोडतीत मुलीचं नाव निघालं. बाईनं मला पिशवीभर जिवंत झिंगे आणून दिले आणि मी ते मोठ्या ऐटीत घरी नेले. तिनं तिरोड्याहून दप्तरसुद्धा आणलं होतं, जांभळ्या रंगाचं. मुलगी ते पाठीला लावूनच टोलीभर हिंडायची असं कळलं.

मग कागदांची पडताळणी आली. आमच्या गावची आठ-दहा मुलं होती, म्हणून मीही तालुक्याला गेलो. आदल्या दिवशी बाईला पढवून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर घर देवळाजवळ आहे म्हणायचं. तिनं नुसती मान डोलावली होती.

समितीतले एक साहेब संगणकावर एकेक फॉर्म उघडत होते. तिसऱ्या-चौथ्या फॉर्मला त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, त्या देवळात एकूण किती बिऱ्हाडं राहतात? सगळे हसले. मीही लाचार हसलो. गावातल्या मुलांचं निभावलं, कारण त्यांच्या रेशनकार्डावर गावच होतं आणि घरंही तशी देवळाच्या आसपासच होती. टोलीच्या मुलीची पाळी आली तेव्हा साहेबांनी आधी कार्ड पाहिलं, मग नकाशा, मग मुलीलाच जवळ बोलावून घर कुठं आहे ते विचारलं. त्यांचा आवाज चांगला मायेचा होता.

"तलावाच्या त्या अंगाले," ती म्हणाली. "बाबा डोंग्यानं आणते मले."

आईनं तिला अडवलं नाही. साहेबांनी मान हलवली. पत्ता एक आणि नकाशावर जागा भलतीच, असा फॉर्म पुढे नेता येत नाही, नियमच तसा आहे, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की फॉर्म कोणी भरला.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार की आता भाऊ पुढे होईल, चूक माझी म्हणेल, काहीतरी रस्ता काढेल. मला दुकान दिसत होतं. माझा परवाना, बाकीचे फुगे, गावातलं नाव.

"त्यांनी दाखवलं तिथं ठेवला, साहेब," मी म्हणालो.

एवढं वाक्य. तिनं कागद एकावर एक नीट ठेवले, पिशवीत घातले आणि मुलीचा हात धरून ती बाहेर गेली. परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली होती आणि मी मागे. गावात उतरल्यावरही मी तिला हाक मारली नाही. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. त्या शाळेला मी नावं ठेवत नाही, मी तिथंच शिकलो. पण त्या बाईनं पोरीसाठी जे मागितलं होतं आणि सोडतीत तिला जे मिळालंही होतं, ते मी घालवलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा दुकानात आली. मला वाटलं, जाब विचारायला आली. पण ती जावेला घेऊन आली होती, जावेच्या मुलीचा फॉर्म भरायला. तिच्या मुलीचा प्रश्नच नव्हता, या जागा पहिलीच्याच असतात आणि ती आता दुसरीत जाणार होती. फॉर्मसाठी दुसऱ्या दुकानात जायचं तर पार दवनीवाड्याला जावं लागलं असतं, म्हणून इथं आलो, असं तिची जाऊ म्हणाली.

त्या वर्षी मी शहाणा झालो होतो, म्हणजे घाबरलो होतो. फुगा ओढत तलावावरून नेला आणि थेट टोलीतल्या त्यांच्या घरावर ठेवला. आता शाळा लांबच्या यादीत जाणार, म्हणून मी खालची यादी उघडायला लागलो. तर शाळा वरच्याच यादीत. एक किलोमीटरच्या आत. मला वाटलं यंत्र चुकलं. फुगा काढून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्राला पाळ माहीत नव्हती, नाला माहीत नव्हता, आमचे धुरे माहीत नव्हते. ते घरापासून शाळेपर्यंत सरळ मोजत होतं, पाण्यावरून. तिचा नवरा रोज जातो तसं.

ती मागून पडदा पाहत होती. तिला अक्षरं वाचता येत नसली तरी फुगा कुठं आहे आणि माझा चेहरा कसा झाला आहे, हे दोन्ही तिला दिसत होतं.

"लागते का जी इथून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, लागते. एक किलोमीटरच्या आतच आहे.

"म्या मांगच्या साली इथंच बोट ठेवलं होतं, भाऊ."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. माफी मागायची ती वेळ होती, पण जावेसमोर, दुकानातल्या लोकांसमोर माझी जीभ उचलली नाही. मी फॉर्म भरला, छापून दिला. जावेच्या मुलीचा नंबर लागला आणि पडताळणीत कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

आता सकाळी दुकान उघडताना मला तलाव दिसतो. डोंगा काठाला लागतो, दोन मुली उतरतात. मोठी लहानीचा टाय नीट करते, तिला इंग्रजी शाळेच्या फाटकापर्यंत सोडते आणि मग जांभळं दप्तर पाठीला लावून माझ्या दुकानावरून पुढे आपल्या शाळेला जाते. ती माझ्याकडे बघून हसते. साहेबांना तिनं घर कुठं आहे ते खरं सांगितलं, म्हणूनच आपली शाळा गेली, असं तिला अजून वाटतं. हे मला तिच्या आईकडूनच कळलं. तसं नाही, हे तिला सांगायचं काम माझं आहे आणि ते मी अजून केलेलं नाही.