गुरुलिंगअप्पांचा गळ

उदगीरला गुरुलिंगअप्पांचं दोरखंड आणि गोणपाटांचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आणि नाद कसला, तर मासे धरायचा. शुक्रवारी दुकान बंद ठेवून ते सायकलवर गावाबाहेरच्या छोट्या तळ्यावर जात, मासा धरत, डोळे भरून बघत आणि परत पाण्यात सोडत. गांडूळ टोचणं त्यांना पटत नसे, म्हणून कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि गूळ मळून त्याच्या गोळ्या करत. गळाचा उलटा काटाही त्यांनी कानशीनं घासून टाकला होता.

त्यांच्या बायकोला, पार्वतम्माला, हे अजिबात रुचत नसे. गळाची काठी तिनं उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नाही.

"खायचं न्हाई, तर मुक्या जिवाला छळता कशाला?" ती विचारायची.

"तिथं बसलं की मनाला बरं वाटतं," अप्पा म्हणायचे.

"त्यासाठी देवळं कमी हायत का?"

लातूर नवा जिल्हा झाल्यापासून उदगीरात कुठलीही मोठी चीज दिसली की लोक तिला कलेक्टर म्हणत. तळ्यातल्या एका थोराड कटला माशालाही हेच नाव पडलं होतं. त्यानं अप्पांच्या कितीतरी दोऱ्या तोडल्या होत्या.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. तळं आटत आटत खळ्याएवढं राहिलं. तळ्याला लागून हणमंतरावांची मोसंबीची बाग होती. एका गुरुवारी ते दुकानात आले.

"आप्पा, परवा सकाळी तळ्यावर इंजन लावतोय. झाडं वाळून चाललीत. तुमास्नी आधी सांगावं म्हटलं."

अप्पा त्यांना नाही म्हणणार तरी कसं? झाडांनाही जगायचं होतंच. ते तडक केरबाकडे गेले. केरबा जातीनं भोई. तळ्यात माशांचं बी त्यानंच सोडलं होतं.

"जाळं टाकून सगळे काढू आन् महादेवाच्या बारवंत सोडू," अप्पा म्हणाले. "त्या विहिरीत अजून पुरुषभर पाणी हाय."

केरबा हसला. "चोरांनी जाळं टाकू नये म्हणून मीच तळ्यात बाभळीच्या फांद्या पुरून ठेवल्यात. जाळ्याच्या चिंध्या होतील. तुमचा गळच खरा."

शुक्रवारी उजाडायच्या आत दोघं तळ्यावर पोचले. अप्पा मासे धरत, केरबा ते पाणी भरलेल्या दुधाच्या कॅनात घालून सायकलवरून बारवेत नेऊन सोडत होता. सकाळी मासे भुकेनं गोळ्यांवर तुटून पडत होते. रोहू, मृगळ, मधूनच एखादा कटला. ऊन चढलं तसे ते चिखलात दडले आणि दोरी हलेनाशी झाली.

दुपारी पार्वतम्मा भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. येताना वाटेत तिला केरबाची सायकल भेटली होती आणि त्यानं सगळं सांगितलं होतं. ती पाण्याकडे बघत उभी राहिली. काठाच्या चिखलात मासे तोंड वर काढून श्वास घेत होते.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "तवर मी धरते काठी."

अप्पांनी चकित होऊन काठी तिच्या हातात दिली. त्यांनी पहिला घास मोडला आणि काठी कमानीसारखी वाकली. पार्वतम्मा दोन पावलं पुढं ओढली गेली. पायातल्या चपला चिखलात रुतल्या. त्या तिथंच सोडून ती पाण्यात उतरली.

"दे इकडं," अप्पा उठले.

"बसा. माझ्या हातात हाय."

"दोरी ढिली सोड जरा. तोडंल त्यो."

"तुमी ओढता म्हणून तोडतोय. मी न्हाई ओढत."

आणि खरंच ती ओढत नव्हती. मासा जाईल तिकडं काठी घेऊन गुडघाभर पाण्यातून त्याच्या मागं चालत होती, आणि त्याच्याशी कन्नडमधून काहीतरी बोलत होती. खूप वेळानं तो दमला. तोवर परत आलेल्या केरबानं पाण्यात शिरून त्याला कवेत घेतलं. कलेक्टरच होता, कॅनात त्याचं डोकंसुद्धा मावेना. अप्पांनी दुकानातून आणलेलं गोणपाट भिजवलं, त्याला त्यात गुंडाळलं आणि तिघं बारवेकडे पळत सुटले. अप्पा पुढं, केरबा मागं, आणि चिखलानं माखलेली पार्वतम्मा तांब्यानं गोणपाटावर पाणी ओतत मधे. देवळातल्या बायका बघतच राहिल्या. पाण्यात सोडल्यावर तो थोडा वेळ कुशीवर तरंगला, मग शेपटीचा तडाखा देऊन खाली गेला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मासे पुन्हा गोळ्यांना लागले. अंधार पडेपर्यंत जमतील तेवढे नेले. सगळे वाचले नाहीत. उरलेले दुसऱ्या दिवशी इंजन लागल्यावर केरबाच्या भाईबंदांनी वाटून घेतले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तळं भरलं. केरबानं नवं बी सोडलं. बारवेत गळ टाकायला पार्वतम्मानं अप्पांना सक्त मनाई केली होती. तिथं ती स्वतः सोमवारी माशांसाठी चुरमुरे घेऊन जायची. तळ्याला मात्र तिची ना नव्हती. एका गुरुवारी रात्री अप्पा कणीक मळायला बसले, तर तिनं परात आपल्याकडं ओढली.

"गूळ लई घालता तुमी," ती म्हणाली. "गोळी पाण्यात विरघळून जाती."