पायांसकट फोटो

नाशिकच्या सीबीएसवरून (जुन्या मध्यवर्ती एसटी स्टँडवरून) वणीची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर जो कॅमेरा होता तो माझा नव्हता. बाकी पिशवीतलं सगळं माझं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, टोपी, सुईदोरा, जादा सेल. कॉलेजच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर यादी केल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. कॅमेऱ्याचीही यादी केली होती. तो घ्यावा का घेऊ नये, असे दोन रकाने आखले होते आणि ‘घेऊ नये’चा रकाना झपाझप भरत होता.

माझा जुना कॅमेरा गेल्या दिवाळीत दगावला. रमणकाकांच्या दुकानात मी त्याच्या तोडीचा दुसरा बघायला गेले. मेन रोडवरच्या या दुकानात माझ्या सगळ्या सहलींचे रोल धुतले गेलेत. काकांनी मखमली पुरचुंडीतून एक छोटा, जड, राखाडी डबा काढला. एका गिऱ्हाइकाने परदेशातून आणलेला आणि आता विकायला ठेवलेला. किंमत ऐकून मी खुर्चीवर बसले.

“झूम कुठंय?” मी विचारलं.

“नाही.”

“एवढे पैसे आणि झूम नाही?”

“एकच भिंग आहे. पण काय भिंग आहे, ताई! सगळी किंमत त्या काचेची.”

“मग लांबचा माणूस जवळ कसा आणायचा?”

“तो नाही यायचा. तुम्हीच जायचं.”

गल्ल्यावरून काकू म्हणाल्या, “घेऊ नका हो. दोन महिने झाले, मखमलीत घालून निजवलाय. कोणी हात लावत नाही.”

काकांनी बायकोकडे दुर्लक्ष केलं. “एक रोल घाला, शनिवार-रविवार फिरवून आणा. मग बोला. फक्त एक लक्षात ठेवा. आत बघितलं की मधोमध बारीक चौकट दिसते, तिच्यात माणूस धरायचा. चौकटीत जे असेल तेच स्वच्छ येतं. ती मोकळी राहिली तर मागची भिंत सुरेख येईल आणि माणसं धुरकट.”

फिरवून आणायला माझ्याकडे ठिकाण होतं आणि कामही होतं. कळवणजवळ माझा थोरला भाऊ शेती करतो. त्याची मुलगी सरू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं लग्न जमवायचं चाललंय आणि वहिनीने निरोप धाडला होता की पत्रिकेबरोबर द्यायला सरूचा नवा फोटो हवा, तो तुम्ही काढा. जुना फोटो स्टुडिओतला, कमरेपासून वरचा. त्या फोटोवर पुष्कळ स्थळं येत. येत आणि जात. लहानपणी पोलिओने सरूचा डावा पाय बारीक राहिला. ती जाड तळव्याचा बूट घालते आणि एका बाजूला झुकून चालते. हे फोटोत दिसत नसे. पाहुण्यांना ते कळे ती पोहे घेऊन बाहेर आली की.

म्हणजे कळवणला काढायचा फोटो ही कॅमेऱ्याची खरी परीक्षा. वाटेत हात बसवून घ्यायचा, असं ठरवलं.

दिंडोरीपर्यंत हात बसला नाही. द्राक्षं उतरून गेलेली, बागांची छाटणी झालेली. तारांवर नुसते तपकिरी हात पसरलेले वेल आणि खाली काडीकचऱ्याचे ढीग. एक म्हातारा वेलाला काहीतरी बांधत होता. जुन्या कॅमेऱ्याने त्याला मी गाडीतूनच ओढून जवळ घेतला असता. या कॅमेऱ्यातून तो मुंगीएवढा दिसला. ‘घेऊ नये’मध्ये लिहिलं: बसमधून निरुपयोगी.

वणीला गाडी बदलली. चैत्र असल्यामुळे स्टँडवर खानदेशातली यात्रा लोटली होती. भगवे झेंडे, डोक्यावर गाठोडी, बहुतेकांच्या पायांत काही नाही. धुळे-जळगावकडून माणसं देवीच्या गडावर अनवाणी चालत येतात. मी टपरीवर चहा घेतला, भांडं दूध आटवून आटवून तपकिरी झालेलं होतं आणि चहा त्यामुळेच झकास होता. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी कॅमेरा निरखून विचारलं, “बाई, हा खेळण्यातला का?”

“नाही, खरा आहे.”

“मग एवढुसाच कसा? आमच्या गावचा फोटोवाला येतो तर त्याच्याकडं लय मोठं धूड असतं. लोकं घाबरून नीट तरी बसतात.”

हा मुद्दा कुठल्या रकान्यात घालावा हे मला अजून कळलेलं नाही.

नांदुरीहून घाट चढून गाडी सप्तशृंगीच्या गडावर पोचली. वर ऊन कडक पण वारा गार. समोर मार्कंड्याचा डोंगर सुळक्यासारखा उभा. त्याचा फोटो घेतला. इथे झूम नसल्याची आठवणही झाली नाही, कारण डोंगरच दांडगा. पायऱ्यांवर मात्र घात झाला. देवीला वाहायचा नारळ सांभाळताना कॅमेऱ्याची मखमली पुरचुंडी मी कठड्यावर ठेवली आणि एक माकड ती घेऊन वर बसलं. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. पुरचुंडी उघडून माकडाने आत डोकं घालून पाहिलं. आत काही नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याला फसवलंय.

“फुटाणे दाखवा, फुटाणे!” प्रसादाच्या दुकानातला माणूस ओरडला. फुटाणे घेतले, दाखवले, पुरचुंडी खाली पडली. फुटाणे अर्थात त्याच दुकानातून घ्यावे लागले. माकड आणि दुकानदार यांचा काही करार असावा अशी मला शंका आहे.

दर्शन घेऊन उतरताना एका वळणावर सावलीत एक बाई बसली होती. साठीची, हिरवं लुगडं, पाय समोर पसरलेले. तळवे भेगाळलेले, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. चेहऱ्यावर असं समाधान की मी लांबूनच कॅमेरा डोळ्याला लावला. तिने पाहिलं.

“दूरथीन काय काढस वं माय? जोडे ये.” (लांबून काय काढतेस, बाई? जवळ ये.)

मी ओशाळून जवळ गेले. ती अहिराणी बोलत होती, मी नाशिकचं बोलत होते, पण अडलं काही नाही. धुळ्याकडून चालत आलेली. नवस नातवाचा होता. मी चेहरा चौकटीत धरला.

“मन्हा पाय येतीन ना?” (माझे पाय येतील ना?)

“चेहरा छान येतोय, मावशी.”

“तोंड ते रोजनंच शे,” ती म्हणाली. (तोंड तर रोजचंच आहे.) आणि पदराने तोंड न पुसता तिने पायांवरची धूळ पुसली.

मी दोन पायऱ्या खाली उतरून पाहिलं. पाय, चिंधी, लुगडं, हसू, मागची पायरी, सगळं एकदम आत मावलं. जुन्या कॅमेऱ्याच्या सवयीने मी नुसता चेहरा ओढून घेतला असता आणि ती बाई धुळ्याहून गाडीत बसून आली का चालत, हे कुणाला कळलं नसतं. मी तिचा पत्ता लिहून घेतला. ‘घ्यावा’च्या रकान्यात पहिली ओळ पडली.

संध्याकाळी कळवणला उतरले तेव्हा दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. मळा गावाबाहेर, कालव्याच्या कडेला. उन्हाळी कांदा निघून चाळीत भरणं चाललं होतं. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, हवेशीर बांबूपट्ट्यांची कोठी. पूर्ण आवारात कांद्याचा गोडसर उग्र वास. वहिनीने कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या), ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. सरू शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती.

“आत्या, उद्या माझा अर्धाच फोटो काढायचाय म्हणे,” ती म्हणाली.

“अर्धा कुठं? स्टुडिओसारखा,” वहिनी म्हणाली. “बसवून. खुर्चीत.”

“म्हणजे अर्धाच.”

“सरे, जिभेला जरा हाड ठेव.”

“जिभेला नाय गं आई, पायाला कमी पडलंय.” सरूने लाल शाई झटकली. “आत्या, तुला सांगते, मागच्या पाहुण्यांनी मला दारातून टेबलापर्यंतही येऊ दिलं नाही. मी निम्म्यात होते तर मुलाच्या काकांना एकदम गाडीची वेळ आठवली. पोहे मीच खाल्ले सगळे.”

दादा हसला नाही. वहिनी ताटाकडे बघत म्हणाली, “पाय दाखवला तर दारापर्यंत तरी कोण येणार हाय, ताई? असं निदान येतात तरी.”

“येतात म्हणूनच नको,” सरू म्हणाली. “ज्याला यायचं त्यानं बघून यावं. मला पुन्हा त्या दारातून चालायचं नाय.”

वहिनी ताटं उचलायला लागली.

सकाळी कोवळं ऊन चाळीवर पडलं. वहिनीने अंगणात खुर्ची मांडली, सरूला निळी साडी नेसवली आणि पदर असा सोडला की खाली काही दिसू नये. मी जवळ जाऊन चौकटीत सरूचा चेहरा धरला आणि दचकले. इतक्या जवळून या भिंगात नाक पुढे आलं, कपाळ फुगलं. देखण्या पोरीचा मी भोपळा करत होते. मागे सरकले, तर खुर्ची आली, बूट आला, चाळ आली.

“जवळून घ्या ना ताई!”

“जवळून घेतला की नाक मोठं होतंय, वहिनी. आणि लांबून जवळ ओढायची सोय यात नाही.”

“मग एवढा भारी कशाला म्हणतात त्याला?”

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता, तो वहिनीने एका वाक्यात विचारला. वेळ काढायला मी म्हटलं, “आधी तुमचा दोघांचा काढते. हात बसेल.”

दादा आणि वहिनी चाळीपुढे उभे राहिले. आमच्याकडे नवरा-बायको फोटोला उभे राहतात तसे: ताठ, हात खाली, आणि मध्ये एक माणूस आरामात मावेल एवढं अंतर. “सरका की जरा,” मी म्हटलं. वहिनी सरकली, पण बाहेरच्या बाजूला. मी बटण दाबलं आणि दाबताक्षणी रमणकाकांची चौकट आठवली. ती बरोबर दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर होती.

“थांबा, पुन्हा! मध्ये माणूस पाहिजे. हा कॅमेरा मधलंच बघतो.”

“मध्ये कोण?” दादा म्हणाला.

सरू खुर्चीतून उठली. खुर्ची ते चाळ, एवढं अंगण ती चालत गेली. तिचा झुकाव, बुटाचा जमिनीवर पडणारा आवाज, सगळं मोकळ्या उन्हात. निळा पदर सावरत ती त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. “मी,” ती म्हणाली. “ही जागा माझीच हाय.”

वहिनीचा हात आपोआप पुढे आला, पदर खाली ओढायला. मग मध्येच थांबला आणि सरूच्या दंडावर गेला. चौकटीत सरूचा चेहरा होता, बटण दाबलं.

निघताना वहिनीने कांद्याची पिशवी दिली आणि हळूच म्हणाली, “फोटो आले की आधी मला धाडा. ठरवायचं मी बघते.”

परतीच्या गाडीत मी एकही फोटो काढला नाही. रोल संपला होता.

दोन दिवसांनी रमणकाकांनी फोटो काचेवर पसरले. गडावरची बाई आली होती, अंगठ्याच्या चिंधीच्या गाठीपर्यंत. दादा-वहिनीचा पहिला फोटो बघून काका हसून लोळायचे बाकी राहिले. मागच्या चाळीतला कांदा न् कांदा स्वच्छ, वरची सालसुद्धा, आणि दोन्ही बाजूंना धुरकट नवरा-बायको. “बाजार समितीला पाठवा,” काकू म्हणाल्या, “कांद्याला भाव येईल.”

मग दुसरा फोटो. सरू मधोमध, हसू दाबलेलं, पूर्ण उभी. एक बूट साधा, एक जाड. दंडावर आईचा हात. इतकं स्वच्छ की बुटाच्या बंदाची गाठ दिसत होती.

“स्थळासाठी आहे ना?” काका म्हणाले. “यातला चेहरा काढून मोठा करून देतो. काच इतकी चांगली आहे की कापून मोठा केला तरी चेहरा धूसर होणार नाही. झकास अर्धा फोटो होईल.”

“कापू नका,” मी म्हटलं. “आहे तसा द्या.” आणि कॅमेरा त्यांच्या काउंटरवर ठेवून घरी आले. घ्यायचा का ते माझं ठरलं नव्हतं. फोटो चांगला येणं वेगळं आणि तो वहिनीच्या कपाटात पडणं वेगळं. कपाटात पडायचा असेल तर इतकी महाग काच कशाला हवी? गडावरच्या बाईचा फोटो तिच्या पत्त्यावर गेला, सरूचा वहिनीकडे. सोबत चिठ्ठी घातली नाही.

पुढल्या आठवड्यात कचेरीत फोन आला. वहिनी कळवणच्या बूथवरून बोलत होती, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

“ताई, फोटो पोचला. अजून प्रती धाडा. एक अभोण्याच्या स्थळाला द्यायची हाय, एक सटाण्याच्या.”

मला विचारल्यावाचून राहवेना. “वहिनी, काका म्हणत होते, चेहऱ्याचा अर्धा करून मिळेल.”



“अर्धा तर घरात होताच की, ताई,” वहिनी म्हणाली. “तो फाडला मी. सरूला सांगू नका, तिला वाटतं तिनंच मला ऐकायला लावलं.”

त्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी मेन रोडला गेले. ‘घेऊ नये’चा रकाना अजूनही लांब आहे आणि त्यातली एकही ओळ खोटी नाही. बसमधून उपयोग नाही. जवळून नाक मोठं येतं. किंमत तर बोलायलाच नको. मी पैसे मोजले. काकांनी डबा बांधायला घेतला, तेव्हा मी म्हटलं, “बांधू नका. आत रोल घाला आणि तुम्ही दोघं दारात उभे राहा.”

काका उभे राहिले. काकू गल्ल्यावरून उठून आल्या आणि सवयीप्रमाणे हातभर लांब थांबल्या.

“मध्ये कोणी नाही,” मी म्हटलं. “तुम्हालाच सरकावं लागेल.”

“या वयात?” काकू म्हणाल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि सरकल्या.