विमलताईंनी तयार केलेल्या पोरी

पांढरकवड्यात सदाशिवरावांचं साड्यांचं दुकान आहे आणि नव्या पोरींना तयार करायचं काम विमलताईंकडे. ताई इतकं छान शिकवायच्या, की शिकलेली पोरगी लवकरच समोरच्या दुकानात जास्त पगारावर रुजू व्हायची. समोरच्याला शिकवायला माणूस ठेवायची गरजच पडली नाही.

शेवटी सदाशिवराव चिडले.

"ताई, तुमी माह्या दुकानात कामाले हा का त्याच्या? आता ही नवी प्रियंका बी गेली, तं तुमची गादीवरची जागा गेली समजा!"

दारासमोर गादीवर बसायचा मान म्हणजे या धंद्यातली साहेबाची खुर्ची. ताईंची ती वीसेक वर्षांची. त्यांनी उपाय काढला: प्रियंकाला अर्धंच शिकवायचं. कापड, काठ, भाव सगळं सांगितलं. गिऱ्हाईक कसं ओळखायचं, तेवढं मात्र स्वतःकडेच ठेवून घेतलं.

उपाय लागू पडला. प्रियंका साड्यांचा डोंगर उपसायची, बाया पदर झटकून निघून जायच्या. समोरचा तिच्याकडे ढुंकूनही पाहीना. सदाशिवराव खूश. "आता कसं बरोबर शिकवलं!" इतक्या वर्षांत ताईंना पहिली शाबासकी मिळाली, ती ही.

पण एकदा मानीबाई लेकीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आल्या. दुकान उलथंपालथं करून "काहीच पसंत नाही वं" म्हणत त्या उठायच्या बेतात आल्या, आणि ताईंना राहवलं नाही.

"अवं प्रियंका, बाईच्या तोंडाकडं काय पाहून राह्यली? मांडीखाली पाह्य! आवडलेली साडी दुसरीनं उचलू नये म्हणून तिथं दाबून ठेवतेत. नको-नको म्हणतेत ते भाव पाडाले!"

गादीवरच्या साऱ्या बाया हसल्या. मानीबाईंनीही लाजत मांडीखालची जांभळी साडी काढून दिली. बस्ता झाला, आणि त्या दिवसापासून प्रियंकाच्या हातून गिऱ्हाईक सुटेना.

पंधरवड्यात प्रियंकाला समोरून बोलावणं आलं. पोरगी सरळ, तिनं मालकालाच सांगितलं, "मी जात नाही. पण मले ताईच्या जागी बसवा."

"ताई, पोरगी टिकली पाह्यजे ना?" सदाशिवराव म्हणाले. "तुमीच सांगा."

आता ताई मागच्या खोलीत फॉल-पिकोच्या मशीनवर असतात. शिकवायचं काम प्रियंकाकडे आहे, आणि नव्या आलेल्या जयाला ती दुकान झाडायला फार मन लावून शिकवते.

परवा जया दोरा घ्यायच्या निमित्तानं मागं आली. "ताई, गिऱ्हाईक कसं करतेत, ते मले तुमी शिकवा ना."

ताईंनी मशीन थांबवलं नाही.

"कायले वं? टिकाचं हाय ना तुले इथं?"