सई टेकाडापलीकडे गेली तेव्हा

मंडळी, आज आम्ही तिघं अल् खुवैरच्या घरातला एसी सोडून वाळवंटात जाऊन आलो. सहलीला नव्हे. बिनसलेल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना वाळूत बसवून ताळ्यावर आणणारं एक शिबिर आहे, तिथे.

आमची सई पंधरा वर्षांची. गेल्या महिन्यात ती न सांगता घरातून निघून गेली आणि अझैब्याच्या किनाऱ्यावर एकटी बसलेली सापडली. तेव्हापासून ती बाथरूममध्ये असली तरी मी बाहेरून हाका मारतो.

शिबिरातल्या समुपदेशक बाईंनी सईला सांगितलं, समोरच्या टेकाडापलीकडे जा, वाटेल तेव्हा परत ये. आम्हाला सांगितलं, इथेच बसा.

सई दिसेनाशी झाली आणि मी उठलो.

"सर, बैठिए," बाई म्हणाल्या. "उस तरफ हमारा आदमी है."

"आणि ती परत आलीच नाही तर?"

"अहो, बसा ना," म्हणत बायकोने माझा शर्ट मुठीत धरला. ऑफिसात सगळ्यांना यल्ला यल्ला करत पळवणारा मी मुकाट वाळूत बसलो.

बऱ्याच वेळाने सई आली, घामाघूम. "बाबा, तू मागे नाही आलास?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक वाक्यावर टोमणा तयार असतो. आज नुसतं "नाही" म्हणालो. ती शेजारी बसली आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायली.

'मागे नाही आलास?' ही तक्रार होती की शाबासकी? तुमच्या घरी या वयाचं कुणी असेल तर विचारून सांगा. माझ्या घरच्या सईला विचारायचा अजून धीर होत नाही.