फुटलेल्या स्टोव्हवरचा चहा

ताराक्कांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी माझी चूक दाखवली म्हणून. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. कोल्हापुरात हुंड्याविरुद्ध सभा होती. मी तरुण प्राध्यापक, आवाज मोठा, आणि टाळ्यांची सवय जडलेली. “स्टोव्हच्या भडक्यात बळी गेलेल्या आमच्या भगिनी” या माझ्या वाक्याला मैदानाने भरभरून दाद दिली. सभा पांगल्यावर परिचारिकेच्या पांढऱ्या साडीतल्या एक बाई व्यासपीठाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत विटेएवढा टेपरेकॉर्डर. दवाखान्याच्या जळीत वॉर्डात नोकरी करते, एवढीच ओळख त्यांनी सांगितली.

“सर, भाषण झ्याक झालं,” त्या म्हणाल्या. “पर तुमी सासरच्यांचाच जबाब वाचून दाखवलासा. स्टोचा भडका उडाला असं कोण म्हणतंय? तीच माणसं. मग तुमी कशाला म्हणतासा? स्टो कुठाय, ते इचारा की.”

माझ्या घरी स्त्रीमुक्तीवरच्या पुस्तकांनी कपाट भरलेले होते. त्यातल्या एकाही पुस्तकाने हा प्रश्न मला विचारायला शिकवले नव्हते. घराघरांत सुना जळत होत्या, प्रत्येक कागदावर ‘स्टोव्हचा भडका’ लिहिले जात होते, आणि तो फुटलेला स्टोव्ह मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

त्या बाई म्हणजे तारामती कांबळे. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत त्यांना ताराक्का म्हणतात. त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असताना हा गौरवग्रंथ निघतो आहे. इंटरनेटवरचे त्यांचे ‘ऐकून घ्या’ हे पॉडकास्ट आज परगावचे, परदेशातले लोक ऐकतात आणि ताराक्का कालपरवा उगवल्या असे समजतात. म्हणून आधीची हकीकत सांगणे मला भाग आहे. पॉडकास्ट हा शब्द आपल्याकडे येण्याच्या पंधरा वर्षे आधीपासून ताराक्का तेच काम करत होत्या. तेव्हा त्याला कॅसेट म्हणत, इतकाच फरक. घरच्या डबल डेकवर एकीची दुसरी कॅसेट करायची आणि महिला मंडळांत, विहारांत, बचत गटांच्या बैठकांत पाठवून द्यायची. मागे वर्तमानपत्र नाही, संस्था नाही, पक्ष नाही. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजातले एक वाक्य असे: “मी तारामती. ऐकून घ्या. मधी बोलू नका.”

पहिली कॅसेट त्यांनी स्वतःची केली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. पती लवकर गेले, दोन मुली पदरात, आणि रात्रपाळ्या. पण त्या कॅसेटवर त्यांनी आपले दुःख उगाळलेले नाही. त्यात त्या सांगतात की, नोकरीला लागले तेव्हा नातेवाइकांनी सांगितले ते कारण मी रजिस्टरात लिहिले. पलंगावरची बाई माझ्याकडे बघत होती, आणि मी माझ्या हाताने ‘स्टोव्ह’ असे लिहिले. एकदा नव्हे, पुष्कळदा. दुसऱ्याला खरे बोल म्हणण्याआधी स्वतःचे खोटे असे जगासमोर ठेवणारी माणसे मी आयुष्यात मोजकीच पाहिली. व्यासपीठांवर तर पाहिलीच नाहीत.

त्यांची कामाची रीत मी सुलभाच्या प्रकरणात जवळून पाहिली. सुलभा दोन दिवस त्यांच्या वॉर्डात होती आणि गेली. मागे चार वर्षांची मुलगी राहिली, अश्विनी. अपघात म्हणून कागद मिटले होते. महिन्याभराने ताराक्का मला घेऊन गगनबावड्याच्या वाटेवरच्या त्या गावी एसटीने गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत सुनेच्या उशाशी बसलेली सिस्टर आली म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. ताराक्कांनी टेपरेकॉर्डर लपवला नाही. समोर जमिनीवर ठेवला, आवाज धरून ठेवते म्हणाल्या, आणि बटण दाबले. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावून सगळे सांगितले. स्टोव्ह कसा फुटला, टाकीच्या चिंध्या कशा झाल्या, घर कसे थोडक्यात वाचले.

मग आम्ही उठलो. आणि तिथे आपल्या मुलखाची रीत आडवी आली. दारात आलेले पावणे चहाशिवाय कसे जाऊ द्यायचे? मयताचे घर असो नाहीतर पापाचे. बाईंनी कोपऱ्यातला पितळी स्टोव्ह पुढे ओढला, पिन मारली, काकडा पेटवला आणि पंप मारू लागल्या. स्टोव्ह आधी शिट्टीसारखा वाजला आणि मग घरघरायला लागला.

“स्टो नवा घेतलासा व्हय?” ताराक्कांनी सहज विचारले.

“नवा कुठला, सूनबाईच्या लग्नातला हाय. अजून एक दीस बंद पडला न्हाय बघा.”

टाकीवर ठोक्याठोक्याने कोरलेली अक्षरे मला बसल्या जागेवरून वाचता येत होती. ‘चि. सौ. सुलभा हिस, आई-वडिलांकडून.’ बाईंचा पंप मारणारा हात थांबला, पण तोवर बोलून झाले होते. टेप चालूच होती. आम्ही तो चहा घेतला.

मला बशीसकट कप आला होता, ताराक्कांना कान तुटलेला. आडनाव आधीच विचारून झाले होते. परतीच्या एसटीत माझ्या अंगाची आग झाली. मी त्या कपावर अर्धा तास बोलत राहिलो. ताराक्कांनी ते संपू दिले आणि म्हणाल्या, “कपाचं मागनं बघू, सर. कप बघाय गेलतो व्हय आपण? स्टोवरचं नाव वाचलंसा न्हवं?”

ती टेप घेऊन त्या सुलभाच्या आईकडे गेल्या. बनाबाई नृसिंहवाडीजवळ मळ्यात भाजी करत. पोलिसांपुढे त्यांनीही स्टोव्हच सांगितला होता. टेपवर ती शिट्टी वाजली आणि त्यांनी हातातली पेंडी खाली ठेवली. बर्नर पहिल्यापासून जरा वाकडा होता, बदलून आणायचे राहून गेले होते, म्हणून तो तसा वाजे. आपण दिलेला स्टोव्ह त्यांनी आवाजावरून ओळखला. मग त्या बोलल्या, त्याच कॅसेटवर पुढे. आधीच्या मारहाणीचे, लेकीच्या शेवटच्या निरोपाचे आणि खोटा जबाब का दिला त्याचे. खरे बोललात तर नातीचे तोंड दिसणार नाही, असे त्यांना बजावले गेले होते.

ताराक्कांचा एक नियम होता. बोलणाऱ्या बाईला तिची कॅसेट आधी पुरती ऐकवायची आणि विचारायचे, सोडू? ती हो म्हणेपर्यंत कॅसेट घराबाहेर जायची नाही. बनाबाईंनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, “पोरगी त्यांच्या दारात हाय. ती मोठी हून भाईर पडू दे. तवर बांधून ठेवा.” ताराक्कांनी कॅसेटभोवती लाल दोरा बांधला आणि ती लोखंडी कपाटात ठेवली.

मला ते पटले नाही. खुनाचा पुरावा कपाटात कुजवायचा? मी त्यांच्याशी भांडलो, गुन्हेगारांना पाठीशी घालता असेही बोललो. त्या एवढेच म्हणाल्या की पुरावा माझा नाही, तिचा आहे. आणि पुढच्या वर्षी एका सभेत माझी जीभ सुटली. गावाचे नाव मी घेतले नाही, माणसांची नावे घेतली नाहीत. पण फुटलेल्या स्टोव्हवर पाहुण्यांना चहा पाजणारे घर मी पुरते रंगवले. माझ्या आयुष्यात तशा टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत. आठवड्यात ती गोष्ट घाटाच्या वाटेवरच्या त्या घरापर्यंत पोचली, आणि अश्विनीला आजीकडे पाठवणे बंद झाले.

ताराक्का मला रागावल्या नाहीत. एका दुपारी घरी बोलावले, खुर्चीवर बसवले आणि एक नवी कॅसेट लावली. बनाबाईंचा आवाज होता. दिवाळीला नात आली नाही, तिच्यासाठी शिवलेला परकर आता लहान होईल, असे त्या सांगत होत्या. मी काही खुलासा करायला तोंड उघडले. “मधी बोलू नका, सर,” ताराक्का म्हणाल्या. ती कॅसेट पाऊण तासाची होती. मी पुरती ऐकली. एवढ्या सभा मी गाजवल्या, पण बोलायचे कशासाठी आणि थांबायचे कुठे, हे मला त्या पाऊण तासाने शिकवले.

मोडलेले मात्र त्यांनीच जोडले. गावच्या शाळेतल्या बाईंची ओळख काढली आणि महिन्याच्या एका शनिवारी, ड्यूटी बदलून, बनाबाईंना घेऊन त्या शाळेच्या सुट्टीत जाऊ लागल्या. नृसिंहवाडीकडून घाटाच्या वाटेपर्यंत दोन एसट्या बदलायच्या, आणि भेट किती तर मधल्या सुट्टीची. त्या मुलखातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या फेऱ्यांची किंमत कळेल. त्या भेटींत आजीने नातीला खाऊ दिला, डोक्याला तेल लावले, पण आईविषयी चकार शब्द काढला नाही. असे दहा वर्षे चालले.

या काळात धमक्या आल्या, नोकरीत चौकशी लागली, बदली झाली. एकजण वॉर्डाच्या दारातच गुरगुरला, तेव्हा ताराक्कांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून पुढे धरला आणि म्हणाल्या, “पावणं, जरा मोठ्यानं. आन् आधी नाव सांगा.” पावणे नाव न सांगताच गेले. ज्या बायांनी ‘सोडा’ म्हटले त्यांच्या कॅसेटी गावोगाव जात राहिल्या. यंत्रात हात गमावलेल्या कामगाराची बायको त्यात होती, नवऱ्याने वेडी ठरवून डांबलेली शिक्षिका होती. आणि कपाटात दोरे बांधलेल्या कॅसेटीही साठत गेल्या.

ताराक्का निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी एका रविवारी सकाळी अश्विनी त्यांच्या दारात उभी राहिली. वीस वर्षांची, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामाला, आणि आता आजीपाशी राहणारी. बनाबाई तिच्यामागेच होत्या. ताराक्कांनी मलाही बोलावले होते. का, ते मी विचारले नाही. त्यांनी दोरा सोडला, कॅसेट लावली.

अश्विनीने बनाबाईंचे बोलणे खाली मान घालून ऐकले. संपल्यावर ती म्हणाली, स्टोव्हचा आवाज पुन्हा लावा. ताराक्कांनी लावला. शिट्टी, मग घरघर, मग ‘अजून एक दीस बंद पडला न्हाय बघा’.

“ह्याच्यावर मी रोज च्या केलाय,” अश्विनी म्हणाली. “आईचं नाव घासून लख्ख करायची मी. तिकडची आजी म्हणायची, आईची आठवण हाय, जप. आणि तीच म्हणायची, तुझी आई स्टो फुटून गेली. दोन्ही एकाच तोंडानं. मी कधी इचारलंच न्हाय, मग हा स्टो कुठला?”

 

मग ताराक्कांनी बनाबाईंना विचारले, सोडू? बनाबाईंनी नातीकडे पाहिले. नात म्हणाली, “सोडा. माझ्या नावानिशी सोडा.” आणि सोडायचे कसे तेही तिनेच दाखवले. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, इंटरनेटवर चढवली. ‘ऐकून घ्या’चा पहिला भाग तो. पुढचे सगळे भाग या दोघींनी मिळून केले.

खटला पुन्हा उभा राहिला नाही. इतक्या वर्षांनी काय उपयोग, असे वकिलांनी सांगितले. पण अश्विनी एक दिवस त्या गावी गेली आणि भर दिवसा, चारचौघांसमोर, आईचा स्टोव्ह उचलून घेऊन आली. कुणी अडवले नाही. तोपर्यंत गावाने तो भाग ऐकलेला होता. ताराक्कांच्या घरी आज जो चहा मिळतो, तो गॅसवरचा असतो. स्टोव्ह बनाबाईंच्या देव्हाऱ्याखाली आहे.

या सत्काराला ताराक्का तयार नव्हत्या. गौरव समितीने फार गळ घातली तेव्हा त्यांनी विचारले की शालीच्या पैशांत कोऱ्या सीड्या किती येतील. बाईंचा स्वभाव बदलायला साठ वर्षे पुरलेली नाहीत, आणि आम्ही त्याबद्दल आभारी आहोत.

आता शुभेच्छांविषयी. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा कपाट उघडे होते. लाल दोरा बांधलेल्या नऊ कॅसेटी अजून आत आहेत. त्या नऊ जणींनी अजून ‘सोडा’ म्हटलेले नाही. कुणाचे लेकरू अजून चौथीत आहे, कुणाचे तर अंगणवाडीत. त्या लेकरांना एक दिवस कुणीतरी समोर बसवून त्यांच्या आईचा आवाज ऐकवायचा आहे, आणि ते काम ज्यांच्या शब्दावर त्या आयांनी विश्वास टाकला त्यांचेच आहे. म्हणून ताराक्का, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो अशी प्रार्थना मी करत नाही. मी ते तुमच्याकडे मागतो आहे. गुडघ्याचे औषध वेळेवर घ्या, पावसात एसटीच्या मागे धावू नका, तब्येत जपा. अंगणवाडीतले ते पोर वीस वर्षांचे होऊन तुमच्या दारात उभे राहील, तेव्हा दोरा सोडायला तुमचेच हात हवेत. त्या दिवशीही मला बोलवा. मी येऊन गप्प बसेन.