एकमेकांना धरून

नैरोबीतल्या माझ्या घराच्या कुंपणावर थंड सकाळी काही मातकट, लांब शेपटीचे पक्षी एकमेकांना बिलगून घोसासारखे लोंबकळतात. फांद्यांतून उंदरासारखे सरपटतात, म्हणून ते उंदीरपक्षी. गावी परतायच्या दिवशी आई त्यांच्याकडे बघत चहा पीत होती.

"ह्यांची जात कंची रं?"

इथल्या शाळेत मी हेच शिकवतो. म्हणालो, "हे फक्त आफ्रिकेत असतात. यांचा गणच वेगळा. दुसऱ्या पाखरांत यांना जवळचा नातलग नाही."

"मग संपत्याल की."

"नाही. रानात, बागेत, कुंपणात, कुठंही राहतात. यांना धोका नाही."

"कसा असंल? धरून बसल्यात एकमेकाला." मग कपाकडे बघत तिनं विचारलं, "तुला हाय का कुणी हितं?"

तिच्या कष्टांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. वर्गीकरण तोंडपाठ होतं. मी उठून तिची पिशवी बांधायला घेतली.

टॅक्सी आली. शेजारचा ओटिएनो, ज्याच्याशी मी कधी चार शब्द बोललो नव्हतो, आईची पिशवी उचलायला आला. तिनं त्याचा हात घट्ट धरला आणि मराठीतच सांगितलं, "ह्याच्याकडं ध्यान ठेव, बाबा."

शब्द न कळताही त्यानं मान हलवली. टॅक्सी वळेपर्यंत आम्ही दोघं फाटकाशी शेजारी शेजारी उभे होतो.